‘विचारलं असतं तर दिलीच असती’

सप्रेम नमस्कार,

माझी मोटरसायकल अकरा वर्षांची आहे आणि गेली सहा वर्षं एकच मेकॅनिक तिचं सगळं बघतात. माझ्याहून वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. हात चांगला, बिल वाजवी, आजवर कधी वावगं वाटलं नाही. मागच्या सोमवारी सकाळी गाडी त्यांच्याकडे लावली. क्लच घसरत होता आणि इंजिन तापलं की चढावर झटके बसत होते. रीडिंगचा फोटो काढून ठेवायची मला जुनी खोड आहे, तसा काढला: ४१,२१६. गुरुवारी संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली. काम झकास झालं होतं. निघण्याआधी तिथेच पुन्हा फोटो काढला, पण नीट बघितला घरी आल्यावर. ४१,३०३. म्हणजे ८७ किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी गाडी पुसायला घेतली तेव्हा मागच्या सीटवर दोरी काचल्याचे दोन आडवे वळ दिसले. टूलबॉक्समध्ये पार्किंगची पावती निघाली, मंगळवार संध्याकाळ ६.४० ची. त्याच मंगळवारी संध्याकाळी मी फोन केला होता, तेव्हा दादा म्हणाले होते, ‘गाडी उघडून ठेवलीय, क्लचप्लेट उद्या येतील.’ पेट्रोलचा काटा गाडी देताना अर्ध्याच्या वर होता, परत घेतली तेव्हा रिझर्व्हला टेकला होता.

धाकटा भाऊ म्हणतो, आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारू. आई म्हणते, काम चोख करतो ना, मग थोडी फिरवली तर गाडी काय झिजली का? मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. दादांनी विचारलं असतं तर मी हसत किल्ली दिली असती. मग एवढं का लागलंय मला? उगाच बाऊ करतोय का? आणि विचारायचं तर कसं विचारू? गाडी पुढेही त्यांच्याकडेच न्यायची इच्छा आहे.

— एक वाचक

*

तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी दोन्ही फोटो मागवले, त्याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये किलोमीटरच्या आकड्यांच्या शेवटी बऱ्याचदा एक खण वेगळ्या रंगाचा असतो. तो किलोमीटरचा नसतो, किलोमीटरच्या दहाव्या हिश्शाचा असतो. घाईत तोही धरून वाचला की साडेआठ किलोमीटरचे पंच्याऐंशी होतात आणि त्या पंच्याऐंशीच्या जोरावर माणूस भांडून येतो. तुमच्या फोटोत तो खण लाल आहे आणि तुम्ही तो सोडूनच वाचलंय. म्हणजे ८७ हे ८७च.

आता दादांची बाजू जितकी ताणता येईल तितकी ताणून बघू.

ट्रायल मारावीच लागते. ट्रायल न मारता गाडी हातात देणारा मेकॅनिक मला फुकट दिला तरी नको. ब्रेकचे लायनर बदलले असतील तर रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा वेग घेऊन थांबवलं की समजतं. चेन ताणली असेल तर तेवढंही लागत नाही. क्लचचं काम केलं की मात्र सगळे गिअर टाकून बघावे लागतात, एखादा चढ वरच्या गिअरमध्ये चढवून बघावा लागतो, कारण घसरणारा क्लच सपाटीवर अगदी शहाण्यासारखा वागतो. आणि तुमची दुसरी तक्रार, तापल्यावर झटके, ती तर मेकॅनिकचा अंत पाहणारी. गार इंजिनात ती दिसतच नाही. गाडी पुरती तापेपर्यंत पळवायची, झटका आला की दोष कार्बोरेटरचा की इग्निशन कॉइलचा याचा अंदाज बांधायचा, परत येऊन एकच गोष्ट बदलायची, इंजिन गार होऊ द्यायचं आणि पुन्हा निघायचं. असे दोन-तीन फेरे झाले की वीस-पंचवीस किलोमीटर सहज निघून जातात. मी तीससुद्धा मान्य करीन. पिस्टन-रिंगा नव्या घातल्या की पहिले काही शे किलोमीटर गाडी जपून चालवायची असते खरी, पण ते काम मालकाचं असतं, आणि तुमच्या गाडीच्या पिस्टनला त्यांनी हातही लावलेला नाही.

तीस वजा केले तरी सत्तावन्न उरतात. सत्तावन्न किलोमीटरला ट्रायल म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दादांच्या खात्यात एक गोष्ट मात्र जमा करायला हवी. तुमच्या गाडीचं मीटर पुढच्या चाकाच्या केबलवर फिरतं. ती केबल चाकापाशी सोडवली की गाडी कितीही पळवा, आकडा जागचा हलत नाही. मेकॅनिकला हे तुम्हीआम्ही सांगायला नको. दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी ते केलं नाही. पावतीही टूलबॉक्समध्ये तशीच राहिली. बेत आखून हात मारणारा माणूस इतका गबाळा नसतो.

पेट्रोलचा विषय सोडून द्या. तुम्ही तो पुरावा म्हणून लिहिलाय, पण हा साक्षीदार फुटणारा आहे. टाकीतला काटा तरंगणाऱ्या बोंडावर चालतो. गाडी साइड स्टँडवर कललेली असताना तो एक सांगतो, सरळ उभी केली की दुसरंच. शिवाय कार्बोरेटरचं काम म्हटलं की त्यातलं पेट्रोल काढावं लागतं, कधी टाकी उतरवावी लागते, जेट त्याच पेट्रोलने धुतले जातात. बरं, हिशेबही जुळत नाही. लिटरला पंचेचाळीस धरलं तर ८७ किलोमीटरला दोन लिटर लागतील. अर्ध्यावरून रिझर्व्हपर्यंत यायला बहुतेक टाक्यांत त्याहून जास्त जायला हवं. तुम्ही पेट्रोलचा विषय काढलात की दादांना यावर बोलायला मुबलक जागा मिळेल, आणि बोलणं पेट्रोलवर गेलं की मूळ मुद्दा हातचा गेलाच. वर तुम्ही दोन लिटरसाठी भांडायला आलात असं दिसेल, ते वेगळंच.

तुम्हाला का लागलं, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. त्यासाठी थोडं घोड्यांबद्दल बोलू.

दुरुस्तीला दिलेली वस्तू हा प्रकार कायद्याला नवा नाही. वस्तू तुमची, ताबा त्यांचा, आणि ताबा फक्त ठरलेल्या कामापुरता. कायदेवाले याला बेलमेंट म्हणतात. यातली जुनी उदाहरणं बघितली तर जिकडेतिकडे घोडेच आहेत, कारण तेव्हाची मोटरसायकल तीच. रोमजवळच्या अरिसिया गावापर्यंत जाण्यासाठी एकाने घोडा मागून घेतला आणि गावापुढची चढण चढून आणखी पुढे नेला. त्याला चोरीबद्दल दोषी ठरवलं होतं. पहिल्या शतकातल्या वालेरियस मॅक्सिमसने ही हकीकत लिहून ठेवलीय. इंग्लंडमध्ये १७०३ साली न्यायमूर्ती होल्ट यांनी एका निकालात दाखला दिला तोही घोड्याचाच. पश्चिमेला जायला दिलेला घोडा कुणी उत्तरेला नेला आणि वाटेत त्याला काही झालं, तर भरपाई नेणाऱ्याने द्यायची. पुढे १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १५४ आलं, त्यातही घोडे आहेत. कलकत्त्याहून बनारसला जायला भाड्याने घेतलेला घोडा माणूस कटकला नेतो. चालवतो अगदी काळजीपूर्वक, पण घोडा अपघाताने पडतो आणि जखमी होतो. भरपाई त्याच्याच डोक्यावर. ‘मी नीट चालवत होतो’ या सबबीला इथे किंमत नाही, कारण मुळात त्या वाटेला जायचीच परवानगी नव्हती. दादांच्या हातून तुमच्या गाडीला खरचटलं असतं, तर दोष समोरच्याचा असो की खड्ड्याचा, तुमची गाडी नीट करून देणं त्यांच्यावरच आलं असतं.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या घोड्यांच्या रांगेत पुन्हा मागे, दुसऱ्या शतकातल्या गायस नावाच्या रोमन कायदेपंडिताकडे सापडतं. आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू वापरली तर ती चोरी, असं तो आधी ठणकावून सांगतो. मागून घेतलेला घोडा ठरल्यापेक्षा लांब नेला तर तीही चोरी. आणि लगेच पुढे एक फट ठेवतो. नेणाऱ्याला जर मनापासून वाटत असेल की मालकाने परवानगी दिलीच असती, तर त्याला चोर म्हणता येत नाही.

‘विचारलं असतं तर दिलीच असती’ हे तुमचं वाक्य जवळजवळ दोन हजार वर्षं आधी कुणीतरी तोलून बघितलंय. गायसच्या हिशेबाने दादा सुटायला हवेत. सहा वर्षांची ओळख, तुमचा स्वभाव त्यांना माहीत, तुम्ही नाही म्हणणार नाही याची त्यांना खात्री असणारच. मग मंगळवारचा फोन आठवा. ज्याला खात्री असते की मालक हो म्हणेल, तो ‘गाडी उघडून ठेवलीय’ असं सांगत नाही. तो म्हणतो, ‘अरे, बरं झालं फोन केलास, तुझी गाडी घेऊन जरा बाहेर आलोय, चालेल ना?’ तुम्ही आपणहून फोन केला होतात. परवानगी मागायची संधी त्यांच्या कानाशी चालून आली होती. तेव्हा ते खोटं बोलले. आणि हे खोटं दुहेरी आहे. गाडी खरंच उघडलेली असती तर पार्किंगमध्ये उभी राहिली नसती. आणि चालण्याजोगी होती, तर तुम्हाला गुरुवारपर्यंत पायपीट का करायला लावली?

लागलंय ते हे. किलोमीटर लागलेले नाहीत, पेट्रोल तर नाहीच. तुम्ही हसत किल्ली दिली असतीत, ते हसणं तुमचं होतं. ती मेहेरबानी करायचा मान तुमचा होता, आणि दादांनी तो तुम्हाला न विचारता स्वतःच घेऊन टाकला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, त्यातल्या आयजीला काय वाटत असेल याचा विचार आपण फारसा करत नाही. तुम्ही बाऊ करत नाही आहात.

आता जरा माझं. कॉलेजच्या दिवसांत मी दीड वर्ष एका गॅरेजात काम केलंय. लायनर बदलणं, प्लग साफ करणं, स्पोक ताणणं आणि पार्ट आणायला पळणं. पार्ट आणायला जायचं म्हटलं की दारात उभ्या गाड्यांमधली जी पहिल्या किकला चालू होईल ती काढायची, असा रिवाज. कुणी विचारलं तर ‘ट्रायलवर गेलाय’. इतकं लवचीक वाक्य मी नंतर कुठल्याही ऑफिसात ऐकलं नाही. मुलगा जेवायला गेला तरी ट्रायलवर, मिस्त्री मुलीच्या शाळेत गेले तरी ट्रायलवर. शपथेवर सांगतो, चोरी करतोय असं आम्हाला एकदाही वाटलं नाही. ज्या गाडीचं इंजिन आपण आपल्या हाताने बंद केलंय, जिचा कुठला नट कुठल्या पान्याने सुटतो ते अंगठ्याला पाठ आहे, ती परकी वाटतच नाही. मालकाला ती बाहेरून माहीत असते, आपल्याला आतून. या गुर्मीला त्या वयात मी माया समजत होतो.

एकदा गॅस्केटचा सेट आणायला मी अशीच एक गाडी काढली. सिग्नलला उभा होतो आणि शेजारच्या फुटपाथवर त्या गाडीचा मालक उभा. टाकीवर लांब ओरखडा होता, ओळखायला चूक होण्यासारखी नव्हती. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नजर सिग्नलवर खिळवली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी आला, बिल चुकतं केलं, गाडी घेऊन गेला आणि परत कधी आला नाही. जुनं गिऱ्हाईक होतं. पुढचे दोन महिने मिस्त्री अधूनमधून म्हणायचे, ‘तो बरेच दिवसांत दिसला नाही, गाडी विकली की काय.’ मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. त्या गॅरेजातला रिवाज तसाच चालू राहिला.

म्हणून गुपचूप दुसरीकडे जायचा मार्ग मला पटत नाही. तुमचं मन हलकं होईल असं वाटतं, पण होत नाही. दुसऱ्या मेकॅनिककडेही तुम्ही रीडिंगचे फोटो काढत राहाल आणि दादांना आपण काय गमावलं ते कळणारही नाही. तुमच्या भावाचा मार्गही नको. दोघं मिळून गेलात की दादा तुमच्याशी न बोलता भावाशी बोलतील, आणि आवाज चढलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं, कारण तिथे उत्तर द्यावं लागत नाही, उलट ओरडलं की भागतं.

सकाळी जा. शटर वर गेलंय, पहिलं गिऱ्हाईक यायचंय, अशा वेळी. संध्याकाळी चार माणसं गाड्या घ्यायला उभी असताना विचारलंत तर दादांना तुमच्यापेक्षा त्या चौघांना उत्तर द्यावं लागेल. ‘गाडीला जरा आवाज येतोय’ म्हणून सुरुवात करू नका. ताकाला जाऊन भांडं लपवलं की ताकही मिळत नाही आणि भांड्यामुळे हसं होतं ते होतंच. फोन हातात ठेवा आणि एका दमात सांगा: ‘दादा, सोमवारी रीडिंग ४१,२१६ होतं, गुरुवारी ४१,३०३. मंगळवारी संध्याकाळची पार्किंगची पावती टूलबॉक्समध्ये मिळाली. गाडी कुठे गेली होती?’

‘तुम्ही वापरलीत का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं आणि एकदा नाही म्हटलं की माणूस त्या नाहीला चिकटून बसतो. गाडी गेली हे पावतीने सांगितलंच आहे. कुठे, एवढंच दादांनी सांगायचंय. विचारून झालं की गप्प बसा. अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्याला समोरच्याची पंचाईत बघवत नाही आणि आपणच मधे ‘म्हणजे तसं काही नाही, सहज विचारलं’ घालून त्याला सोडवतो. तेवढं टाळा.

बहुधा ते आधी ट्रायल म्हणतील. म्हणू द्या. मग पावती दाखवा आणि मंगळवारचा फोन आठवून द्या, त्यांच्याच शब्दांत. इथून पुढे माणूस कळेल. कदाचित घरात कुणी आजारी असेल, दुसरं वाहन नसेल, फोनवर ओशाळल्यामुळे तोंडातून काहीतरी निघून गेलं असेल. तसं ते सरळ सांगतील आणि चुकलं म्हणतील, तर विषय तिथेच मिटवा, पुन्हा कधी उकरू नका. कदाचित म्हणतील, ‘पोऱ्याने नेली असेल, मला माहीत नाही.’ खरंही असू शकेल, मीही असाच पोऱ्या होतो. पण मंगळवारी फोनवर पोऱ्या बोलला नव्हता. आणि किल्ल्या ज्याच्या गल्ल्यात असतात, उत्तर त्याचंच. पोऱ्याला तुमच्यासमोर बोलावून झापायला निघाले तर थांबवा, तो तमाशा तुमच्यासाठी असतो आणि त्यातून काही बदलत नाही. आणि तिसरं म्हणजे, ‘एवढ्या वर्षांच्या ओळखीत हेही विचारायचं का?’ असं म्हणून ते तुमच्यावरच रुसतील. हे उत्तर आलं तर मी गाडी दुसरीकडे नेईन. ओळख ही विचारायची सोय असते, तिचा उपयोग न विचारण्यासाठी करणाऱ्याकडे मी सायकलचं पंक्चरही काढणार नाही.

पैसे मागायचे का? वापराचे मागू नका. पण एका गोष्टीची चौकशी कराच. पावती मंगळवारची आहे आणि क्लचप्लेट, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, बुधवारी येणार होत्या. म्हणजे घसरत्या क्लचवर, मागे ओझं बांधून गाडी पळवली गेली असावी. अशाने क्लचमधल्या स्टीलच्या चकत्या तापून निळ्या पडतात, वाकतात. बिल काढून बघा, नुसत्या फ्रिक्शन प्लेट लावल्यात की स्टीलच्याही. स्टीलच्याही असतील तर जुन्या चकत्या बघायला मागा. निळसर डाग दिसले तर ते नक्की मंगळवारचेच असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, अकरा वर्षांच्या गाडीवर आधीचेही असतील. पण तेवढा खर्च निम्मा-निम्मा करू या, असं म्हणणं अजिबात आगाऊपणाचं नाही.

पार्किंगची ती पावती आणि बिल फेकू नका. सिग्नल तोडल्याचा किंवा वेगाचा कॅमेऱ्याने काढलेला दंड नंबरप्लेटवरून येतो आणि नंबरप्लेट तुमच्या नावावर आहे. तो कधीकधी बऱ्याच दिवसांनी उगवतो. सोमवार ते गुरुवार गाडी गॅरेजात होती हे तुमच्याकडे लेखी असायला हवं. बिलावर गाडी घेतल्याची तारीख नसेल तर बोलणं झाल्यावर दादांना साधा मेसेज टाका: ‘सोमवारी सकाळी गाडी दिली, गुरुवारी संध्याकाळी घेतली, काम छान झालंय.’ त्यांनी नुसता अंगठा पाठवला तरी पुरे.

आणि पुढच्या खेपेला फोटो गुपचूप काढू नका. गाडी लावताना त्यांच्यासमोर मीटर बघा आणि मोठ्याने म्हणा, ‘दादा, ४१,९०० झालेत, लिहून ठेवा.’ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जॉबकार्डावर किलोमीटर आणि पेट्रोल लिहायला रकानाच असतो, तिथे कुणाला त्यात अपमान वाटत नाही. सोबत हेही सांगा की ट्रायल लागेल तितकी मारा, फार लांब जायचं झालं तर एक फोन करा. तिथे खरंच अडलं आणि त्यांचा फोन आला, तर हसत हो म्हणा. ते तुम्हाला छान जमेल असं पत्रावरून वाटतं.

सीटवरचे वळ फोममध्येच बसले असतील तर गाडी दोन-तीन दुपारी उन्हात उभी करा, बरेचसे भरून येतील. रेक्झिन चिरलं असेल तर कव्हर दादांकडूनच घालून घ्या, आणि त्याचे पैसे त्यांना लावू देऊ नका.